बोधाचा कोरा रकाना

आमच्या चित्रपट मंडळात परीक्षणासाठी छापील कागद आहे. कथा, अभिनय, छायाचित्रण यांना दहापैकी गुण द्यायचे आणि खाली 'बोध' असा रकाना, तो भरायचाच. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, कोरा रकाना त्यांना सहन होत नाही. सहा वर्षं मी तो मुकाट्याने भरला. त्या इराणी चित्रपटाला मात्र तिन्ही ठिकाणी दहा दिले आणि बोध कोरा ठेवला.

चित्रपटात एका घरातल्या लहान मुलीचा हात भाजतो. शेगडी कोणी चालू ठेवली, यावरून घरातला प्रत्येक जण दुसऱ्याला वाचवायला खोटं बोलतो. मी मोजत होतो. बाप चार वेळा, आई तीन, आत्या एकदा. खात्रीसाठी दुसऱ्या खेळालाही बसलो, तेव्हा आत्याचं आणखी एक सापडलं. ती नुसती मान हलवते. एकूण नऊ. त्या वेळी दिग्दर्शक कॅमेरा तिच्याजवळसुद्धा नेत नाही. आपण पाहिलं तर पाहिलं. प्रेक्षकावर एवढा विश्वास टाकणारा चित्रपट मी दुसरा पाहिलेला नाही, असं मी लिहिलं.

अध्यक्षांचा फोन आला. "अहो, बोध राहिलाय. 'खोटं बोलू नये' लिहून टाकू का?"

"नको. चित्रपट तसं म्हणत नाही."

"मग काय म्हणतो?"

"ते रकान्यात मावत नाही, सर."

"मावत नाही म्हणजे? दोन ओळींची जागा आहे की!"

ते हट्टाला पेटले, तसा मीही पेटलो. वेगळा कागद घेऊन लिहिलं: दोन वर्षांपूर्वी आमची आई घरात ओल्या फरशीवरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. मैंदर्गी गावी राहणाऱ्या धाकट्या भावाला मी सांगितलं, तिला चक्कर आली. आई आता नाही. भावाला खरं अजून सांगितलेलं नाही. म्हणून हा चित्रपट मला परका वाटला नाही.

परीक्षणं मंडळाच्या व्हॉट्सॅप गटात टाकायची असतात, आणि त्या गटात भाऊही आहे. पाठवण्याआधी कागद बायकोला दाखवला. तिने तो उभ्यानेच वाचला.

"फरशी ओली हुती, असं लिवलंय. ओली कुणी केली?"

"त्याची गरज नाही."

"व्हय? इराणच्या बाईचं खोटं मोजता, आन् माझ्या येळंला गरज न्हाय? मी पुसली हुती. आईंना हाक मारून सांगायचं राहिलं. लिवा."

मी लिहिलं, तिला वाचून दाखवलं आणि गटात टाकलं.

तासाभरात भावाचा फोन. "दादा, फरशीचं आईनं मला तवाच दवाखान्यात सांगितलं हुतं."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"वहिनी रोज आईला उचलून बसवायची. तिला काय बोलू? पर तू हे चारचौघांत मांडलंस, ते मला न्हाय पटलं." त्याने फोन ठेवला.

बायकोला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "आई मला एका शब्दानं बोलल्या न्हाईत की."

संध्याकाळी अध्यक्ष पुन्हा फोनवर. घरचा मजकूर काढा, नाहीतर पुढचं परीक्षण दुसऱ्याकडे जाईल.

"खुशाल द्या," मी म्हटलं. "यातला शब्द हलणार नाही."

पुढचं परीक्षण दुसऱ्याकडे गेलं. भाऊ अजून रागात आहे, आणि त्याच्या रागाला कारण आहे, हे मी मान्य करतो. तरी कोणी आज विचारलं, तर त्या चित्रपटाला मी तीसपैकी तीसच देईन.