बर्फाच्या जत्रेची तयारी

देवानं आपल्याला अमुक सांगितलं असं म्हणणाऱ्या माणसांपासून मी आयुष्यभर चार हात लांब राहिलो. जन्म देवासचा, टेकडीवर थोरली तुळजाभवानी आणि धाकटी चामुंडा, दोघी उशाशी बसलेल्या, तरी नवरात्रातला नारळ सोडला तर माझी त्यांच्याशी फारशी ओळख नव्हती. तेव्हा हे लिहितोय ते कुणाला पटवायला नव्हे. माझी एकुलती एक मुलगी सुमन सतराव्या वर्षी अंथरुणाला खिळली, त्या वेळची ही हकीकत आहे. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्यानं तिच्या काळजाची झडप बिघडवली होती. पडून झोपायचीसुद्धा सोय नव्हती, उशांना टेकून बसल्या बसल्या डुलकी घ्यायची. इंदूरच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि यावर इलाज नाही म्हणून सांगितलं. येता हिवाळा निघाला तर देवाची कृपा समजा, म्हणाले. ते सहज बोलून गेले, पण मला त्या शब्दाचा असा संताप आला की मी नमस्कार न करताच निघून आलो.

विलीनीकरणाच्या आधी मी दरबारच्या फरासखान्यात होतो. महाराजांची स्वारी कुठं निघायची म्हटली की तंबू, गालिचे, बिछाने, शिधासामग्री हे सगळं बांधून आधी पुढं रवाना करणं हे आमचं खातं. संस्थान गेलं, तंबू कुणी कुणी नेले, आणि मी तहसिलीत कारकून होऊन बसलो. सुमनला त्या वर्षी एका जुन्या सचित्र मासिकात जपानमधल्या साप्पोरो गावचं चित्र सापडलं. ऐन थंडीत तिथं बर्फाच्या मोठमोठ्या मूर्ती करतात, शाळेतल्या मुलांनी ती जत्रा सुरू केली, असं खाली छापलं होतं. आम्हांला बर्फ म्हणजे सरबतवाल्याकडची भुशात गुंडाळलेली लादी तेवढी ठाऊक. ती म्हणाली, "अण्णा, आपण जाऊ या. तुम्ही स्वारीची तयारी करा." मी हसण्यावारी नेलं, पण हाडाची सवय जात नाही. कुठली ट्रंक, होल्डॉलमध्ये काय, लोणच्याची बरणी बोटीत फुटणार नाही अशी कशी बांधायची, हे मी बोलू लागलो, आणि दोन संध्याकाळींत आम्ही खाटेवर बसल्या बसल्या बोटीनं कोलंबो ओलांडलं.

सुमनच्या आईला, हिला, ते मुळीच आवडेना. मरणाच्या दारातल्या पोरीला कसले खेळ शिकवता, म्हणून ती चुलीशी बसून डोळे पुसायची. तिचं म्हणणं खरंच होतं. दिवसा कचेरीत मला आकडे दिसत नसत. एका सकाळी पाय आपोआप टेकडीकडे वळले. वर धाकटीच्या देवळाशी माई म्हणून एक वृद्ध बाई राहायची. घराणं महाराष्ट्रातून दरबाराबरोबर आलेलं, नवरा देवीच्या सेवेत होता, तो गेल्यावरही ती तिथंच झाडलोट करून राहिली होती. बोलणं जुन्या वळणाचं, हिंदीचा वारा न लागलेलं. मी देवीपुढं उभा राहून रडत होतो. पोरीला राहू दे, एवढंच म्हणत होतो. माईनं पदराला हात पुसले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हलकेच म्हणाली, "जपान जाईल." निदान मी ते तसं ऐकलं: पोरगी जपान जाईल.

जपानचं मी तिला एका अक्षरानं सांगितलं नव्हतं. मी पायऱ्या उतरलो तो धावतच. त्या दिवसापासून खेळ संपला आणि तयारी खरी सुरू झाली. इंदूरला जाऊन बोटीची चौकशी केली, पासपोर्टचं विचारून आलो, तिकडच्या कोबे बंदरात उतरल्यावर उत्तरेकडे जायला आगगाडी कुठली, मध्ये खाडी लागते ती कशी ओलांडायची, हे एका भूगोलाच्या मास्तरांकडून समजून घेतलं. सुमन म्हणायची, थोडी थकले की खाडीच्या अलीकडे आओमोरीला एक मुक्काम करू. तिला जरा उतार पडल्यासारखंही वाटत होतं. हिच्या मनानंसुद्धा उचल खाल्ली. ती धारला, माहेरी जाऊन आली आणि येताना वडिलांचा पलटणीतला जाड लोकरी कोट घेऊन आली. कसर लागली होती तिथं तिनं रफू केलं, आणि पोरीच्या खांद्यावर घालून बघितला. त्या कोटात सुमन अगदीच एवढीशी दिसत होती, पण आम्ही तिघंही हसलो.

दिवाळी झाल्यावर मी खण-नारळ घेऊन देवीचे उपकार मानायला वर गेलो आणि माईला सगळं सांगितलं. ती गोंधळली. मग म्हणाली, "जपानं म्हटलं मी, बाबा. जप केल्यानं. तुझ्या जिवाची तगमग जपानं जाईल, म्हटलं. ते जपान की काय, ते मला कुठलं ठाऊक?"

आमच्या माळव्यातल्या मराठीतला 'ला' केव्हाच गळून पडलाय. इंदूर जातो, उज्जैन गेली होती, असंच आम्ही हिंदीच्या सवयीनं बोलतो, लिहिताना तेवढा 'ला' घालतो. म्हणून तिच्या तोंडचा जप मला देश वाटला. कुणाचा दोष काढायचा? खण-नारळ तिथंच ठेवून मी खाली आलो. आपल्यासारखा मूर्ख आपणच, असं वाटत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे आता वर कुणी नाही, असंही वाटत होतं.

सुमनपासून चेहरा लपवणं मला कधी जमलं नाही. तिनं खोदून विचारलं, मी सांगून टाकलं. ती इतकी हसली की धाप लागली. "एवढे 'ला' खाल्लेत ना अण्णा, ते असे बाधले," म्हणाली. मग दम खाऊन, माझा हात धरून तिनं सांगितलं, "मी जाणार नाही हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. पण तुम्ही तयारीला लागलात की जेवत होतात, म्हणून मी चालू ठेवलं." त्यानंतर मी पुष्कळ दिवस तयारीचं नाव काढलं नाही. देवाला हात जोडले नाहीत, जपही केला नाही. कोट भिंतीवर टांगलेला होता, त्याच्याकडे पाहायचंही टाळत होतो.

थंडी वाढली तशी सुमनच्या पायांवर सूज चढली. पौष संपता संपता एका सकाळी दारात माई उभी. वर्षानुवर्षं ती टेकडी उतरली नव्हती. एक एक पायरी बसत बसत उतरून, घर विचारत आली होती. मला वाटलं, आता माई मला जपाला बसवणार. पण ती सरळ सुमनच्या खाटेशी गेली आणि म्हणाली, "माझ्या तोंडच्या शब्दानं तुम्ही जिथं निघालात, ते गाव मला तरी दाखव." सुमनच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते सांगता येत नाही. ती पहिल्यापासून सांगू लागली. दोन वाक्यं बोलायची आणि थांबायची. माई घाई करत नसे. मग पुढं काय गं, एवढंच विचारायची. बोटीत सोवळ्याचं कसं करायचं, तिथं तुळस मिळते का, असले प्रश्न काढायची आणि पोरगी उत्तरं शोधायची. माई आमच्याकडेच राहिली. हिनं पहिल्यांदा त्या गोष्टीत भाग घेतला, भाकऱ्या किती बांधायच्या ते सांगितलं. मी मात्र दाराशी पाठ करून बसत असे, आत जायचं धैर्य होत नव्हतं.

माघातल्या एका दुपारी सुमननं मला आत बोलावलं. खाडी ओलांडून झाली होती, पुढं सामान उतरवायला माणूस नव्हता. मी खाटेशी बसलो आणि ट्रंका उतरवल्या. बर्फात चाकं रुततील म्हणून हलक्या गाड्या ठरवल्या. ती डोळे मिटून ऐकत होती. माईनं विचारलं, "फार गारठा आहे का गं?" तिनं नाही म्हणून मान हलवली. मग श्वास लांब लांब जाऊ लागला. ही तिच्या पायांशी होती, माईनं डोकं मांडीवर घेतलं होतं, माझ्या हातात तिचा हात होता. उन्हं उतरायच्या आत ती गेली.

मी देवीकडे पोरीचं आयुष्य मागितलं होतं, ते मिळालं नाही. ते दुःख जपानं गेलं नाही आणि जायचंही नाही. माईला मी तसं स्पष्ट सांगितलं, आणि तिनं मान डोलावली. पण डॉक्टरांनी हात टेकले तिथून पुढं माझ्या मुलीला एकटं जावं लागलं नाही. एका चुकीच्या ऐकलेल्या शब्दाला धरून देवीनं आपलं माणूस टेकडीखाली धाडलं, असं मी मानतो. कुणी न मानलं तरी माझं भांडण नाही. त्या उपकाराखाली मी आहे. इतके महिने मनातल्या मनात मी एकच धोशा लावला होता, पोरीला राहू दे, राहू दे. त्या दुपारी तिचा हात सैल पडू लागला तेव्हा माझ्याच तोंडून शब्द निघाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून प्रार्थना केली: "आई, सांभाळून ने तिला."