फॅमिलीसाठी जागा

कणकवलीहून मुंबईची एस.टी. सुटली तेव्हा वहिनी मला पोचवायला स्टँडवर आली नव्हती. घराच्या पायरीवरूनच तिने बजावलं होतं, "जागा मिळाली तर बरां. नाय मिळाली तरी तू नोकरी सोडू नको हां!" मी मान डोलावली, पण मनात उलटंच ठरवलं होतं. घाटकोपरच्या एका इस्पितळात मला नर्सची कायमची नोकरी लागत होती. तिथल्या होस्टेलात खाट मिळणार होती, पण माझ्या एकटीला. वहिनीला मागे टाकून मी जाणार नव्हते. चार दिवसांत भाड्याची जागा मिळाली तर दोघी जायचं, नाही तर नोकरीला रामराम.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आई गेली तेव्हा मी परकर नेसत होते. वहिनीने मला वाढवलं आणि भावकीशी भांडून नर्सिंगला घातलं. दादा मुंबईला गिरणीत होता. गणपतीला आणि शिमग्याला यायचा, आणि एका वर्षी तो आलाच नाही, त्याच्या जाण्याची तार आली. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. नणंद-भावजयीचं भांडण जगाला ठाऊक आहे. आमचंही होतं, कढीत मीठ किती यावरून होतं. पण मी घरी नसले की ही बाई चूल पेटवत नाही, कोरा चहा पिऊन झोपते. मला हे शेजारणीकडून कळलं होतं.

घाटकोपरला भटवाडीत दादाचे जुने सोबती गणपतकाका राहतात. डोंगराच्या उतारावर घरं एकमेकांच्या खांद्यावर चढलेली, मधून जेमतेम माणूस जाईल एवढी पायवाट. अर्ध्या चढावर माझ्या पिशवीचा बंद तुटला आणि नारळ गडगडत खाली गेले ते थेट नळावर पाणी भरणाऱ्या बायकांत. एकीने पायाने नारळ अडवला आणि ओरडली, "काय गं, कोकणातून डायरेक्ट बॉम्ब टाकतेस काय?" सगळ्या हसल्या. एक नारळ मात्र कुणाच्या तरी हंड्यामागे गडप झाला तो झालाच.

काकींनी तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं (तिरफळं घातलेलं दाट कालवण) वाढलं. जेवताना काका दादाच्या आठवणी काढत बसले. "आमी गिरणगावात एकाच खोलयेत. पाय पसरूक जागा नाय. पण कोणी इचारल्यान की तुझो दादा छाती काढून सांगत होतो, 'माझी फॅमिली गावाक आसा.' दर वर्षी म्हणत होतो, औंदा जागा घेतंय आणि फॅमिली हाडतंय." आणतो म्हणायचा तो, आणि आणायचं राहून गेलं.

फॅमिली म्हणजे बायको. आमचे आजोबा आजीला 'कुटुंब' म्हणत, त्यांचे वडील 'मंडळी' म्हणत असावेत. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं नाही, म्हणून हा आडोशाचा शब्द. चाकरमान्यांनी (मुंबईत नोकरी करणाऱ्या कोकणी माणसांनी) मुंबईत आल्यावर आडोसा तोच ठेवला, फक्त इंग्रजी केला. त्यात पोरंबाळं धरलेली नसत, म्हातारी आई तर नसेच.

दुसऱ्या दिवशी बसने अंधेरी गाठली. साकीनाक्यापर्यंत कारखान्यांच्या भिंती संपतच नव्हत्या. एका भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवला होता आणि त्याशेजारी आई, बाप, एक मुलगा, एक मुलगी, चौघंही गाल फुगवून हसणारी. या चित्राने त्या शब्दात मुलं घातली आणि तीही मोजून दोन. आमच्या गावात भिंत रंगवून झाली तेव्हा पाच पोरींची आई असलेली शेवंता किती तरी वेळ त्या चित्रासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

अंधेरीच्या एजंटाने मला आपादमस्तक पाहिलं. "मॅडम, फॅमिली आहे ना?"

"आहे. मी आणि माझी वहिनी."

"ते ठीक आहे हो, पण फॅमिली?"

"तेच सांगतेय."

"जेन्ट्स कोण?"

"कोणी नाही."

"मग वाट लागली," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी हटूनच बसले म्हणून त्याने दिलेल्या एका पत्त्यावर गेले. मालकीणबाईंनी साखळी न काढताच दार उघडलं, नर्स म्हटल्यावर "रात्रीची ड्यूटी असेल ना?" म्हणून विचारलं आणि दार लावलं.

भूक लागली होती. स्टेशनाजवळच्या उडप्याच्या हॉटेलात शिरून खिडकीजवळच्या टेबलाशी बसले, तर वेटर धावत आला. "बाई, इथे नको. फॅमिली रूममध्ये बसा." फळ्यांचा आडोसा केलेली, पडदा लावलेली ती खोली. मी एकटी, समोरची खुर्ची रिकामी, आणि तरी तिथे मी फॅमिली! एजंटाकडे आम्ही दोघी मिळूनही नव्हतो. मला हसू आलं, मग रागच आला. उठून मी पुन्हा खिडकीपाशी गेले आणि म्हटलं, "डोसा इथेच आण." वेटर गल्ल्यावरच्या मालकाकडे बघायला लागला. मालकाने खांदे उडवले. डोसा झकास होता, चटणी मी दोनदा मागून घेतली.

तिसरा दिवस असाच चपला झिजवण्यात गेला. चौथ्या दिवशी मुलुंड. इथे आल्यावर जीव थोडा शांत झाला. पश्चिमेला डोंगर दिसतो, रस्त्यावर झाडं आहेत, सोसायट्यांच्या गच्च्यांवर पापड वाळत असतात. गणपतकाकांच्या ओळखीने एका सोसायटीतली तळमजल्याची खोली कळली होती. मालक राजी होता, पण सेक्रेटरींची परवानगी हवी. सेक्रेटरी देसाई म्हणजे नुकतेच निवृत्त झालेले, इस्त्रीचा झब्बा घातलेले सज्जन गृहस्थ. त्यांच्या पांढऱ्या केसांच्या बहिणीने, अक्कांनी, चहा आणून ठेवला आणि त्या स्वयंपाकघराच्या दाराशी थांबल्या.

"राग मानू नका, बाई," देसाई म्हणाले. "आमचा नियम आहे. जागा फक्त फॅमिलीला. नणंद-भावजय म्हणजे फॅमिली कशी होणार? उद्या भांडलात, एक निघून गेली, मग?"

"नवरा-बायको भांडत नाहीत?"

"तसं नाही हो. घराला कर्ता पुरुष लागतो."

"कमावते मी. शिजवते ती. आजारी पडलं तर एक दुसरीच्या उशाशी बसते. आणखी काय लागतं ते सांगा, मी आणते." माझा आवाज चढला होता. परवानगी मिळेपर्यंत इथून उठायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

देसाई चष्मा पुसत राहिले. तेवढ्यात दारातून अक्कांचा आवाज आला. "आणि मी रे, वसंता?"

"अक्का, तू आत जा."

"जाते. पण सांग ना. हे गेल्यापासून तुझ्या घरात आहे. वहिनी होती तोवर आम्ही दोघींनी मिळून हे घर चालवलं, तिचं शेवटचं दुखणंही मीच काढलं. मी फॅमिलीत आहे की पाहुणी आहे?"

देसाईंचा चेहरा उतरला. "काहीतरीच काय, अक्का," ते पुटपुटले. अक्का आत गेल्या नाहीत. माझ्या कपात चहा तसाच निवत होता. शेवटी देसाई माझ्याकडे न बघता म्हणाले, "वर्षभर राहा. पण तक्रार आली तर जागा सोडा म्हणून मला सांगायला लावू नका." मी उठून दोघांना वाकून नमस्कार केला, आधी अक्कांना.

परतीच्या एस.टी.त पनवेलपर्यंत मी नुसती बाहेर बघत होते. दादाच्या तोंडी त्या शब्दात एक माणूस होतं, भिंतीवर चार झाली, आणि सोसायटीच्या फाटकाशी तोच शब्द कुलूप होऊन बसला. आज तो आमच्यासाठी थोडा सैल करून घेतला, तोही एका वर्षाच्या बोलीवर. पुढच्या वर्षी पुन्हा भांडावं लागलं तर भांडेन, मला त्याची भीती वाटत नाही.

घरी पोचले तेव्हा वहिनी अंगणात कुळीथ पाखडत होती. जागा मिळाली म्हटलं, तरी सूप थांबलं नाही. पाखडता पाखडताच तिने विचारलं, "थंय माका तुझी कोण म्हणान सांगलंस?"

"फॅमिली म्हणून."

सूप थांबलं. "तेंनी पण जल्मभर सगळ्यांका तसाच सांगल्यांनी," ती म्हणाली. "पण न्हेल्यांनी नाय." तिने पदराने डोळे पुसले. मी तिच्या शेजारी मातीतच बसले. मग तिने सूप माझ्या मांडीवर ठेवलं आणि नेहमीच्या कडक आवाजात म्हणाली, "आता तू न्हेलंस नाय, तर मी चलत येतलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडवर जाऊन दोन तिकिटं काढली.