मावशीने निवडलेली जोड

माझी मावशी डोळ्यांच्या दवाखान्यात रुग्णांच्या नोंदींचा डेटाबेस सांभाळते आणि बोलते अशी, जणू ऑपरेशनंही तीच करते. "हे बघ बाळा," चष्मा नाकाच्या शेंड्यावर, "एक मशीन बंद पडलं, तरी दुसऱ्यावर जशीच्या तशी नक्कल तयार हवी." नकला मीही करते, मला कुणी पगार देत नाही.

ती नक्कल ठेवायची कशी, यावरून तिचं मफलरशी वाजलं होतं. मफलर म्हणजे एसीत गळा गुंडाळून बसणारा तिचा सहकारी. तो पुटपुटला, "ताई, डेटाबेसमध्येच सोय आहे की. सगळं आपोआप जातं. पण पिकतं तिथे विकत नाही!"

"सगळं कशाला ओढायचं?" मावशी कडाडली. "बाहेरून जोडायचं सॉफ्टवेअर घेऊ. आपण सांगू तीच टेबलं नेतं. शिस्तीचं काम!"

हे वाक्य तिने घरी इतकं वाजवलं की मला पाठ झालं; टेबल म्हणजे माहितीचा तक्ता, हेही. 'शिस्तीचं' म्हणताना तिची मान तिरकी होते.

पुढे कोणत्या रुग्णाला कोणतं औषध सोसत नाही, याचं नवं टेबल तिने बनवलं. बाहेरच्या सॉफ्टवेअरला ते सांगायचं राहून गेलं. आज मुख्य मशीन कोलमडलं, दुसरं चटकन उभं राहिलं, मावशीने टाळीसुद्धा वाजवली. तेवढ्यात थेंब घालायला आलेल्या नर्सवर एक आजोबा खेकसले, "अहो बाई, हे मला सोसत नाही! मागे लिहून घेतलंत ना?"

नर्सने पडद्यावर पाहिलं. ती जागा कोरी. सगळ्याच रुग्णांची. नशीब, आजोबा बोलके निघाले.

संध्याकाळी घरी दवाखान्याच्या मोठ्या साहेबांचा फोन आला. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "त्या सॉफ्टवेअरवाल्यांचीच चूक ना? उद्या सोलतोच त्यांना."

"बघते," मावशी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

तिला हसवावं म्हणून मी मान तिरकी केली. "आपण सांगू तीच टेबलं नेतं. शिस्तीचं काम!" यावर घरात हुकमी हशा पिकतो.

मावशी कानापर्यंत लाल झाली. "अशीच बोलते मी?"

"अगदी."

"त्या बिचाऱ्या मफलरसमोरही?"

मी जीभ चावली.

तिने फोन उचलला. "साहेब, त्यांना काही बोलू नका. टेबल मी बनवलं, सांगायला मी विसरले. मफलर... म्हणजे आपले ते, आधीपासून बजावत होते. मीच ऐकलं नाही."

हे म्हणताना तिची मान सरळ होती. साहेब काय म्हणतात ते ऐकायला मावशीने फोन तसाच कानाला धरून ठेवला.