चिंचोक्यांची शीव

खुशालची पोळी तव्यावर टम्म फुगली होती, तेवढ्यात कडी वाजली. त्याच्या बायकोनं, दिव्यानीनं, दार उघडलं, तर जिवतीच्या डोंगरातली बुधरीबाई. पहिल्या एसटीनं राजुऱ्याला उतरून, ‘स्टँडमागं, पेरूचं झाड’ एवढ्या खुणेवर घर शोधत आलेली.

दिव्यानी एका सामाजिक संशोधन संस्थेसाठी गावोगाव पाहणी करायची. बुधरीच्या गावाच्या वनहक्क दाव्याचा नकाशा तिनंच केला होता. दावा आज दुपारी जमा व्हायचा होता.

“काल सभेत नकाशा वाचून दाखवला. नाल्यापल्याड तुमी पडीक लिवलं, दाव्यातून सोडलं. काऊन?”

“तिथं काय आहे म्हणून तीनदा विचारलं, बाई. कुणी बोललंच नाही.”

“कोन बोलनार? तिथी आमची राई आहे, देवाची. पेरणीपासून नवं धान खाईस्तोवर तिचं नाव तोंडातून काढत नाई. अन् तुमी आल्या भर श्रावणात. आता नवं खाल्लं, म्हून सांगतो.”

“घ्या,” खुशाल हसला. “माणूस गप्प बसला की जमीन पडीक. मोठं संशोधन.”

दिव्यानीचं तोंड उतरलं. तिच्या एका शब्दानं राई गावाच्या हातून जाणार होती.

बुधरीनं खुर्ची नाकारली. फरशीवर बसून पदराची गाठ सोडली आणि चिंचोके मांडू लागली. ही टेकडी, हा मोहाचा पट्टा, हा नाला. दिव्यानीनं शेजारी नकाशा पसरला. चिंचोके नकाशातल्या रेषेवरूनच चालले होते जणू. फक्त नाल्याला बुधरीनं दोन वळणं दिली. नकाशात एकच होतं.

बाई चुकली वाटतं, असं मनाशी म्हणत दिव्यानीनं मोबाइलवर उपग्रहाचं चित्र मोठं केलं. झाडीखाली, अगदी पुसट, दुसरं वळण होतं.

तिनं मोबाइल चिंचोक्यांशेजारी ठेवला. खुशाल डबा हातात धरून वाकून पाहू लागला. या बाईनं नकाशा जन्मात पहिल्यांदा, आत्ता पाहिला होता.

“हे कुठं शिकलात?”

“माय भाजी खुडाले न्यायची. ते थांबली, तिथी थांबून पाह्यलं. बस.”

शेवटचा चिंचोका मात्र तिनं मुठीतच ठेवला. नाल्यापलीकडची जागा फरशीवर मोकळी सोडली, आणि त्या मोकळ्या जागेला हात लावून कपाळाला लावला.

दिव्यानीनं ‘पडीक’ खोडलं, शीव राईभोवती ओढून घेतली. पेन थांबलं. “काय लिहू?”

“नाव नको लिवू, बाई. इथी चप्पल काढून जा, एवढंच लिव.”