एक नंबरची काच

आमची आत्या तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काचा घासते. घासून घासून तिची बोटं गुळगुळीत झालीत, जीभ मात्र खरखरीतच राहिली. माणसांना ती नावाने नाही, नंबराने ओळखते. "तो मायनस चार गेला बघ!"

तिचा धाकटा भाऊ म्हणजे माझे बाबा, चौकातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळाचे मेकॅनिक. शिडीवरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण बाबा उठेनात. डॉक्टरांनी बजावलं, "आता बसले नाहीत तर कायमचे आडवे राहतील." बाबा छताकडे बघत म्हणायचे, "बसून करू काय? त्या नव्या मेकॅनिकनं घड्याळाची वाट लावली असेल." पलंगाजवळच्या खिडकीतून मनोरा दिसायचा, काटे दिसायचे नाहीत. मी समजावलं, ओरडले, रडलेसुद्धा. पालथ्या घड्यावर पाणी!

आत्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "दुर्बीण करते. दुकानातून एक नंबरची प्लस काच आण."

मी अतिशहाणी. दुकानात जाऊन म्हणाले, "आत्याला प्लसची काच हवीय, एकदम एक नंबर!" मालकांनी सगळ्यात भारी काच कागदात गुंडाळून दिली. आत्याने ती भिंतीसमोर धरून मागेपुढे केली. समोरच्या इमारतीचं इवलंसं चित्र भिंतीवर उमटलं आणि ही कडाडली, "अगं बये, ही तीन नंबर! चित्र फूटभरावरच येतंय. एक नंबरचं मीटरभर लांब येतं. भारी कोणी मागितली होती तुला?"

मी मुकाट्याने बदलून आणली. कापडाच्या ठाणातली पुठ्ठ्याची लांब नळी, पुढे ती काच, तिच्यावर नाण्याएवढं भोक पाडलेला काळा कागद. मागे बाबांचं भिंग, घड्याळं दुरुस्त करताना ते डोळ्यात अडकवायचे ते.

"माझ्या भिंगाला हात लावू नकोस, ताई."

"मग ऊठ आणि हिसकाव."

नळी तिने खिडकीच्या गजांना करकचून बांधली, बाबांच्या उशीपासून चांगली दोन हात उंच.

"खाली घे ना जरा. इथून कसं दिसणार?"

"दुर्बीण खाली येत नसते. माणूस वर येतो."

एवढं बोलून ती खुशाल नखं कापत बसली. दहा मिनिटांनी बाबांनी एक कोपर टेकलं, एक शिवी हासडली, दुसरं कोपर टेकलं. मी धावले तर आत्याने डोळे वटारले. घामाघूम होऊन बाबा उठून बसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा! डोळा भिंगाला लावला.

"सगळं उलटं दिसतंय की. बारा खाली, सहा वर."

"मग? घड्याळ वाचता येत नाही तुला?"

 बाबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, पुन्हा भिंगात पाहिलं.

"चार मिनिटं मागे! गाढव लेकाचा, लंबक खाली सरकू दिलाय त्यानं. माझ्या चपला कुठायत?"

मला रडूच फुटलं. पलंगाखाली वाकून आत्याने चपला ओढून काढल्या आणि त्यांच्यावरची धूळ पुसली. काचा पुसायच्या त्या मऊ फडक्याने, ज्याला ती आम्हाला बोटही लावू देत नाही.