ध्रुवावरच्या वह्या आणि डावा कौल

आमच्या गावचा एक माणूस भूशास्त्रज्ञ झाला आणि परदेशी मोहिमेबरोबर दोनदा दक्षिण ध्रुवाच्या बर्फात जाऊन आला. तो मुंबईत वारला तेव्हा त्याच्या दोन ट्रंका कुणकेश्वराजवळच्या घरी, थोरल्या बहिणीकडे आल्या. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, वाचनालय चालवणारा, वर्षाला चार पत्रकं छापणारा. ट्रंका उघडायला तिने मलाच बोलावलं.

आत टिपणवह्या, नकाशे, आणि तिला लिहिलेली पण कधी न टाकलेली पत्रं होती. एका पत्रात लिहिलं होतं : 'इथे महिनामहिना सूर्य मावळत नाही. तू असतीस तर वाळवणं कधी आत घेतलीच नसतीस.' पिशव्यांत नंबर घातलेले दगड होते. त्यातला एक तिने आधीच धुऊन लोणच्याच्या बरणीत आंब्यावर दाबून ठेवला होता.

मुंबईच्या एका प्राध्यापकांनी कळवलं, कागद पाठवा, आम्ही जपू. मी आनंदाने तिच्याकडे गेलो.

"देवाक इचारूया," ती म्हणाली.

"कागद तुझ्या भावाचे. देवाचा काय संबंध?"

"भाव माझो, पण गाव देवाचो. इचारल्याशिवाय घरातसून भायर जावचे नाय."

वर्षापूर्वीच मी कौलाविरुद्ध पत्रक काढलं होतं. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, आणि यावर शहाणी माणसं लग्नं मोडतात, असं त्यात ठणकावून लिहिलं होतं. आता मी देवळाच्या खांबाला टेकून बघत उभा. गुरवाने तिच्या वतीने गाऱ्हाणं घातलं, म्हणजे देवापुढे प्रश्न मांडला. पाकळी डावी पडली.

मी गुरवावर उखडलो. तो म्हातारा शांतपणे म्हणाला, "मुंबयक न्हेवक व्हयी काय, असा इचारलला. देव नको म्हणालो. हयच वाचनालयात रवांदेत काय, असा परत इचारूक येता. पण कागद तुका व्हये, तर गाराणा तूच घाल."

"मी देवाक मानत नाय."

"देव तरी खंय तुका मानता? इचारूक देता मा?"

लोक हसले. बहीण माझ्याकडे बघत होती. दोन मिनिटांचं काम होतं, हात जोडायचे आणि एक वाक्य म्हणायचं. मी तत्त्वाचं भाषण ठोकलं आणि चालता झालो.

पुढचे दोन पावसाळे मी त्या घराच्या वाटेलाही गेलो नाही. मग तिचा निरोप आला. माजघरातल्या ट्रंकांना खालून वाळवी लागली होती. वह्या उचलल्या तर हातात माती आली. पत्रांचे फक्त कडेचे तुकडे उरले होते.

"माका वाचूक येना नाय," ती म्हणाली. "तू येतलस आणि वाचून दाखवतलस, असा वाटलला."

घरी येऊन रागाच्या भरात मी पत्रक लिहिलं : अंधश्रद्धेने विज्ञानाचा ठेवा गिळला. देवगडपासून आरोंद्यापर्यंत ते वाटलं गेलं. प्राध्यापकांनी शाबासकीचं पत्र धाडलं. त्या पत्रकात गुरव होता, पाकळी होती, वाळवी होती. जो लावायला मी नकार दिला, त्या दुसऱ्या कौलाबद्दल मी एक ओळही लिहिली नव्हती. तिला ते कुणीतरी वाचून दाखवलं असणार, कारण त्यानंतर वाटेत भेटली तरी ती मला हाक मारीत नाही.