टाकीवरचं गंध

दसऱ्याला एक शेठजी ठाण्यातल्या पहिल्यावहिल्या मोटारीतून सीमोल्लंघनाला निघाले आणि घोडबंदरच्या रस्त्यावर शिवेआधीच अडले. चालवणारा कालपर्यंतचा कोचवान. तेलाच्या टाकीचं झाकण उघडायचं, नळीत फुंकायचं, मोटार सुरू झाली की मिशीवरून हात फिरवायचा, एवढीच त्याची विद्या! झाकण लावलं की मोटार थोडी चालून पुन्हा बंद.

मी वाटेने जाताना थांबून, वाकून पाहिलं, तर झाकणावरच्या हवेच्या बारीक भोकात पूजेचं गंध वाळून बसलेलं.

“अहो, ते पुसा. हवा आत गेल्याशिवाय तेल खाली उतरणार कसं?”

“तुमच्यासारख्यांचीच नजर लागते,” म्हणत त्याने त्यावर गंधाचं आणखी एक बोट ओढलं.

शेवटी कोलशेतहून बैल आणून मोटारीला जुंपले. कोचवान महाशयांनी त्यांनाही गंध लावलंच. नशीब, नाकपुड्या सोडल्या.